कवळी खिशात, जंतू उपाशी

निपाणीजवळच्या एका खेड्यातून एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. सासरे ७६ वर्षांचे. जन्मभर जोंधळ्याची भाकरी, उसळ, कांदा, शेंगाची चटणी असं खाणं. दोन वर्षांपासून पोट साफ होत नाही, गॅस धरतो, जेवायला नको म्हणतात. बेंगळुरूच्या दिरांनी प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत चांगल्या जंतूंच्या, कॅप्सूल पाठवल्या आहेत आणि शौचाचा नमुना देऊन पोटातल्या जंतूंची तपासणी करून घ्या म्हणून मागे लागले आहेत. "वय झालं की पोटातले चांगले जंतू मरतात म्हणे, खरं आहे का? आणि काय खायला घातलं तर परत येतात?"

ताई, आधी सरळ सांगते. तपासणीचे पैसे ठेवा बाजूला. त्या रिपोर्टात शंभर नावं येतील, रंगीत आलेख येईल, पण अमुक जंतू इतके म्हणजे तब्येत चांगली, असं ठरलेलं प्रमाण अजून जगात कुठेच नाही. त्यामुळे रिपोर्ट हातात आला तरी मी किंवा दुसरा कुठलाही डॉक्टर तो बघून तुमच्या सासऱ्यांचं औषध बदलणार नाही. कॅप्सूलचं पुढे बोलू. त्याआधी दोन गोष्टी बघून ठेवा. त्यांच्या तोंडात चावायला काय उरलंय, आणि सकाळी उपाशीपोटी ते कुठली गोळी घेतात.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक निवृत्त हवालदार आले होते. मराठा लाइट इन्फंट्रीतले, ऐंशीच्या घरातले, पाठ अजून ताठ. तक्रार हीच. काय खाता विचारलं तर म्हणाले, "सगळं खातो की ओ." सगळेच असं म्हणतात, म्हणून मी आदल्या दिवसाचं सकाळपासून घासाघासानं विचारते. सकाळी चहा-खारी. दहाला परत चहा, चार बिस्किटं. दुपारी मऊ भात आणि वरणाचं वरचं पाणी. संध्याकाळी चहा-टोस्ट. रात्री दुधात ब्रेड. आणि भाकरी? "भाकरी आता चावत न्हाई." मग कवळी नाही का करून घेतली? तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली कवळी काढून माझ्या टेबलावर ठेवली. हिरडीला टोचते म्हणून जेवताना काढून ठेवतात. लग्नकार्यात आणि फोटो काढताना तेवढी लावतात.

हवालदारांची सगळी केस त्या रुमालात होती. जंतूंचा नंबर त्यानंतरचा.

आता ते जंतू करतात काय ते सांगते. आपल्या अंगात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात, अंगातल्या पेशींच्या जवळपास बरोबरीनं. (दहा जंतूंमागे एक पेशी असं आमच्या पुस्तकांत असायचं, पण २०१६ साली नव्यानं हिशेब झाला आणि तो आकडा गेला.) त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. भाताची साखर, डाळीतली प्रथिनं, तेल हे सगळं लहान आतडं वरच्या वर शोषून घेतं. खाली पोचतो तो आपल्याला न पचणारा चोथा, म्हणजे धान्याचा कोंडा, कडधान्याची सालं, भाजीच्या शिरा, गार भातातला थोडा स्टार्च. जंतूंचं जेवण ते. चोथा आंबवून ते काही आम्लं तयार करतात आणि त्यातलं ब्युटिरेट नावाचं आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन आहे. आपल्या इतर पेशी रक्तातून येणारं इंधन जाळतात, पण हे अस्तर मात्र जंतूंच्या हातचं खातं. त्यात जंतू स्वतःही वाढतात, शौचाला आकार येतो, आतड्याला पुढे ढकलायला काहीतरी मिळतं. चोथाच आला नाही तर काही जंतू आतड्याच्या आतला बुळबुळीत थरच खायला लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत तो थर असा पातळ झालेला दिसला आहे.

म्हणून मी ताटाचा हिशेब मांडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आहेत. त्यात १०० ग्रॅम जोंधळ्यात १० ग्रॅमच्या वर चोथा आहे, नाचणीत ११, पांढऱ्या तांदळात पावणेतीन, मैद्यातही तेवढाच. तुमचे सासरे दिवसाला तीन भाकऱ्या खात असतील तर पीठ झालं पावणेदोनशे ग्रॅम, म्हणजे १८ ग्रॅम चोथा नुसत्या भाकरीतून. वर वाटीभर उसळ, पालेभाजी, चटणी धरली तर पंचविशी सहज ओलांडते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये मोठ्या माणसाला रोज किमान २५ ग्रॅम असं सांगितलं. आपले जुने लोक ते न सांगता खात होते. आता हवालदारांचं ताट बघा. शंभर ग्रॅम तांदळाचा भात, खारी-टोस्ट-बिस्किटांचा मैदा आणि एक केळं धरलं तरी सगळं मिळून सहा-सात ग्रॅम. जंतूंचं रेशन चौथाईवर आलं. मग ते मेले म्हणायचं, की आपण त्यांना उपाशी ठेवलं म्हणायचं?

वयाचा हात अगदीच नाही असं नव्हे. लाळ कमी होते, जठरातलं आम्ल कमी होतं, आतड्याची चाल मंदावते. अंगावरच्या बाळाच्या पोटात भरभरून असणारे बायफिडोबॅक्टेरिया म्हातारपणी घटलेले दिसतात. चाल मंदावली की मिथेन वायू करणारे सूक्ष्मजीव पोसतात, आणि मिथेन चाल आणखी मंदावतो, असा तो फेरा आहे. पण एकाच वयाच्या दोन माणसांत फरक इतका असतो की सगळं वयावर ढकलता येत नाही. आयर्लंडमध्ये कॉर्कच्या संशोधकांनी २०१२ मध्ये १७८ म्हाताऱ्या माणसांचे जंतू आणि आहार तपासले. काही आपापल्या घरी राहणारे, काही कायमचे वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी दाखल झालेले. घरच्यांच्या पोटात जंतूंच्या जाती जास्त आणि खाण्यातही विविधता जास्त. दाखल झालेल्यांचं दोन्ही आटलेलं, आणि अंगातली ताकदही त्याच प्रमाणात कमी. तिथे गेल्यावर खाणं लगेच बदलतं, जंतू मात्र त्यामागून सावकाश बदलत जातात, असंही त्यांना दिसलं.

आपल्याकडे वृद्धाश्रम फारसे नाहीत, पण वृद्धाश्रमाचं ताट घरोघर आहे. मुलं पुण्याला, बेंगळुरूला. दोघंच म्हातारी घरात, किंवा एकटीच म्हातारी. एका माणसासाठी चूल पेटवून भाकरी कोण थापणार? कुकरला मूठभर तांदूळ लावला की झालं. २०१३ पासून कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचा तांदूळ घरात येतो, तो पोटाला आधार आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण अथणी-सौंदत्तीकडच्या, पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर वाढलेल्या घरांतही आता दोन्ही वेळा भातच शिजतो, हे रोज माझ्या समोरच्या खुर्चीतून ऐकते. खानापूरच्या पश्चिमेला भात पहिल्यापासूनचा, पण तिथे उकडा तांदूळ, नाचणी आणि कुळीथ होता. त्यातला आता पांढरा तांदूळ तेवढा राहिलाय.

दुसरी गोष्ट गोळीची. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आम्ल कमी करणारी गोळी, पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल. कधीतरी जळजळ झाली म्हणून चौदा दिवसांची लिहून दिलेली असते, आणि चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवत माणूस ती चार वर्षं घेतो. जठरातलं आम्ल हा खरं तर दारावरचा पहारा आहे. तो उठला की तोंडातले जंतू खाली आतड्यात जाऊन बसतात, हे तपासण्यांत नीट दिसलेलं आहे. शिवाय बी-१२ कमी होतं, आणि शाकाहारी, वर मधुमेहाचं मेटफॉर्मिन घेणारा माणूस असेल तर तिन्ही बाजूंनी कमी होतं. मात्र हे वाचून गोळी आज रात्रीच फेकून देऊ नका. एकदम थांबवली की आम्ल उसळून येतं आणि जळजळ दुप्पट होते. ज्यांना हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना ही आम्लाची गोळी जठराच्या संरक्षणासाठीच दिलेली असते. डॉक्टरांना एवढंच विचारा, "ही अजून लागते का?" त्याच पिशवीत लोहाची, कॅल्शियमची, सांधेदुखीची ट्रामाडॉलची गोळी असेल तर तीही दाखवा. या तिन्हींनी पोट घट्ट होतं, आणि बदनाम मात्र जंतू होतात. अँटिबायोटिकचं तर काय सांगायचं. सर्दी झाली की मेडिकलातून पाच गोळ्यांची पट्टी आणायची सवय निपाणीतही आहे आणि बेळगावातही.

आता दह्याकडे येते, कारण तुम्ही विचारलं नाहीत तरी मनात तेच असणार. आंबट दुधानं आयुष्य वाढतं ही कल्पना मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडली. बल्गेरियातले शेतकरी आंबवलेलं दूध पितात आणि खूप जगतात, असं त्याचं म्हणणं. त्याला १९०८ चं नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी, रोगप्रतिकाराच्या. दह्यातले जंतू पोटात कायमचे घर करत नाहीत, पाहुण्यासारखे येतात आणि दोन-चार दिवसांत निघून जातात. कॅप्सूलमधल्यांचंही तेच. आणल्याच आहेत तर संपवा, धडधाकट माणसाला सहसा अपाय नाही. कॅन्सरचं औषध किंवा स्टिरॉइड चालू असेल तर मात्र विचारल्याशिवाय नको. पण पाहुणे रोज आले तर घरात वर्दळ राहतेच. अमेरिकेत २०२१ मध्ये ३६ निरोगी माणसांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. अर्ध्यांना आंबवलेले पदार्थ भरपूर दिले, अर्ध्यांना चोथा भरपूर. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटात जंतूंच्या जाती वाढल्या आणि रक्तातली सूज दाखवणारी काही द्रव्यं उतरली. चोथ्याच्या गटात तेवढ्या दिवसांत जाती वाढल्या नाहीत. मला त्यातून एवढं पटतं की दोन्ही लागतं. पाहुणेही हवेत, घरच्यांना जेवणही हवं.

मात्र आंबवलेलं म्हणजे जिवंतच असं नाही. इडली वाफेवर शिजते, कढी उकळते, त्यात जिवंत काही उरत नाही. तेलातलं लोणचंही या हिशेबात धरू नका. इथे आपली आंबील उपयोगाला येते, फक्त एक छोटी गोष्ट सांभाळून. रात्री दोन चमचे नाचणीचं पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवा. सकाळी वर बुडबुडे दिसतील, आंबूस वास येईल. ते उकळत्या पाण्यात सोडून गुठळी न होऊ देता शिजवा. शिजवताना त्यातले जंतू गेले, पण नाचणीचा चोथा तसाच आहे. आता भांडं खाली उतरवा, बोट बुडवून सोसवेल इतकं कोमट होऊ द्या, आणि मग घरचं ताजं ताक घाला. गरमागरम आंबिलीत ताक ओतलंत तर ताकातलेही मेले. वरून कच्चा कांदा अगदी बारीक चिरून, जिरं, किंचित मीठ. बीपी असेल तर मीठ किंचितच. मधुमेह असेल तर वाटीभरच, कारण पातळ पिठानं साखर भरभर चढते. ज्यांना दुधानं पोट फुगतं त्यांनाही ताक बहुधा सोसतं, दुधातली साखर आधीच थोडी पचलेली असते.

भाकरीचं म्हणाल तर कवळी दुरुस्त होईपर्यंत भाकरी बंद करायचं कारण नाही. रात्रीची भाकरी सकाळी कुस्करून ताकात अर्धा तास भिजवली की बिनदाताचा माणूसही खातो. गरम आमटीत कुस्करली तर आणखी बरं. पीठ चाळू नका, चाळणीत राहतो तोच आपल्याला हवाय. मसूर, मटकी, चवळी मोड आणून मऊ शिजवा आणि पळीनं घोटा. कुळथाचं पिठलं आहेच. बेळगावच्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात, एक उकडून द्या. एकादशीला साबुदाण्याऐवजी तेच द्या, साबुदाण्यात चोथा जवळजवळ नाहीच. अंडं, मासा खात असतील तर चालू ठेवा. म्हाताऱ्या माणसाला प्रथिनं कमी पडली की मांडीचे स्नायू वाळतात, मग तो चालत नाही आणि पोटही चालत नाही.

आणि हे सगळं हळूहळू. यात मी एकदा चुकले आहे, म्हणून जीव तोडून सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आजींना मी एका दमात दोन वेळा इसबगोल, दोन वाट्या उसळ आणि सालासकट फळं लिहून दिली. पाणी किती पितात ते विचारलंच नाही. गुडघे दुखतात, सारखं उठायला नको, म्हणून त्या दिवसाला जेमतेम तीन पेले पीत होत्या. आठवड्यानं पोट ढोलासारखं फुगून, शौचाचा खडा होऊन त्या आल्या. तो हातानं काढावा लागला. त्यांच्या लेकानं मला जे सुनावलं ते सगळं मी ऐकून घेतलं. तेव्हापासून नियम केलाय. आठवड्याला एकच पदार्थ वाढवायचा. पहिले आठ-दहा दिवस गॅस वाढेल, कारण उपाशी जंतूंना एकदम जेवण मिळालेलं असतं. तो बहुधा आपोआप उतरतो. पाणी, ताक, आमटी, सगळं मिळून दिवसाला सहा-सात पेले पोटात गेलं पाहिजे, हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल तर. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांना इसबगोल देऊच नका, घशात फुगतं.

किती दिवसांत फरक पडेल? २०१४ मध्ये अमेरिकेत दहा जणांना चार-पाच दिवस नुसतं प्राणिज किंवा नुसतं वनस्पतिज अन्न देऊन बघितलं, तर जंतूंची गर्दी एक-दोन दिवसांत बदलली. जुनं खाणं सुरू झाल्यावर तितक्याच भरभर परत फिरली. म्हणजे पंधरा दिवस आंबील पाजून सोडून देण्यात अर्थ नाही. युरोपात पाच देशांतल्या ६१२ माणसांवर, ६५ ते ७९ वयाच्या, वर्षभर आहार बदलून पाहिलं. भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, ऑलिव्ह तेल, मासे. ज्यांनी तो जास्त पाळला त्यांच्या पोटात, दुबळेपणा कमी असलेल्या माणसांत आढळणारे जंतू वाढले. ऑलिव्ह तेल शोधत फिरू नका, शेंगतेल आहे ते चालू दे. आपल्या भागाला जवळचं म्हणाल तर २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळकडच्या ११० निरोगी लोकांचे जंतू तपासले होते. भोपाळकडच्या, धान्य-कडधान्यावरच्या लोकांत प्रेव्होटेला हा चोथा फोडणारा जंतू जास्त दिसला. जोंधळा खाणाऱ्या पोटात त्याला काम मिळतं.

निपाणी म्हणजे तंबाखूचा भाग, म्हणून एक विचारते. सासरे तंबाखू खातात का? "चिमूट टाकल्याबिगर परसाकडला होत न्हाई" हे मी शेकडो वेळा ऐकलंय, आणि त्यात थोडं तथ्य आहे, निकोटिननं आतडं हलतं. पण त्याच चिमटीनं हिरड्या जातात, दात हलतात, आणि मग भाकरी सुटते. तीच वेळ साधायची असेल तर सकाळचा चहा झाल्यावर वीस मिनिटांनी, घाई न करता बसू दे. खाल्ल्या-प्यायल्यावर आतडं आपणहून हलतं. कमोड असेल तर पायाखाली एक पाट ठेवा, गुडघे वर आले की सोपं जातं.

यातलं काहीही सुरू करायच्या आधी मात्र हे तपासा. शौचातून रक्त किंवा काळं डांबरासारखं पडतंय का, सहा महिन्यांत वजन उतरलंय का, रक्त कमी झालंय का, झोपेतून उठवणारी पोटदुखी आहे का, उलटी होतेय का. यातलं एकही असेल तर आंबील-भाकरी बाजूला ठेवून आधी दुर्बिणीची तपासणी. तुम्ही लिहिलंय की ही तक्रार दोनच वर्षांची आहे. जन्मभर पोट बरं असलेल्या माणसाची सवय सत्तरीनंतर बदलली तर तेवढ्यावरूनही मी एकदा रक्त, थायरॉइड आणि गरजेप्रमाणे मोठ्या आतड्याची तपासणी करून घेते. बहुतेकांत काही निघत नाही. ज्यांच्यात निघतं त्यांच्यात वेळेवर निघालेलं बरं.

हवालदारांचं काय झालं ते राहिलं. मी त्यांना एकही नवी गोळी लिहिली नाही, एक बंद केली, आणि दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं. कवळीची एक कड घासायची होती, अर्ध्या तासाचं काम. तीन महिन्यांनी आले तेव्हा पोट एक दिवसाआड साफ होत होतं. म्हणाले, रोज नाही अजून. म्हटलं, एक दिवसाआडही चालतं, कुंथावं लागत नाही ना? "न्हाई," म्हणाले, आणि सुनेनं केलेल्या भाकरीवर टीका सुरू केली, जाड थापते म्हणून.

तर ताई, सासऱ्यांना तुमच्या जवळच्या डॉक्टरकडे न्याल तेव्हा सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या, रिकाम्या पट्ट्यासुद्धा. आदल्या दिवशी त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं ते कागदावर लिहून ठेवा, चहासोबतच्या बिस्किटांसकट. आणि कवळी असेल तर खिशात नको, तोंडात लावूनच न्या.